आईच्या वहीतलं अक्षर लेबलवर आणायचंय: तयार हस्ताक्षरी फॉन्ट घेऊ की स्वतःचा बनवू?

रामबागची लेक (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या रामबागेतल्या घरी आई गेली बारा वर्षं मेतकूट, भाजणी, गोडा मसाला असं करून देते. आधी ओळखीच्या घरांना, मग त्यांच्या ओळखीच्यांना. आता धावपळ मी आणि वहिनी बघतो, चव बघायचं काम अजून आईचंच. एकूण ११ पदार्थ आहेत: लसूण शेव, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कैऱ्यांचं लोणचं, तिळगूळ, गुळपोळी, शेंगदाण्याची चटणी, कुळीथ पीठ, पोह्याचे पापड आणि शंकरपाळे. आजवर पिशवीवर स्केचपेनानं नाव लिहून द्यायचो. ह्या वर्षी पहिल्यांदा रीतसर लेबलं करायची ठरवली.

राजवाड्यामागच्या एका दुकानात सात सेंटिमीटरचे ३०० गोल स्टिकर छापायला दिले. नावं मी व्हॉट्सॲपवर मराठीत टाईप करून पाठवली होती. त्यांच्या संगणकावर युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचा जुना फॉन्ट. माझा मजकूर तिथं चिकटवला की नुसती प्रश्नचिन्हं. मग त्यांनी सगळी नावं स्वतः पुन्हा टाईप केली. स्टिकर घरी आले तेव्हा 'गुळपोळी'ची 'गुलपोली' झाली होती, 'तिळगूळ'चा 'तिलगुल', आणि 'कैऱ्यांचं' ऐवजी 'कैर्यांचं'. फॉन्ट म्हणे "हँडरायटिंगवाला" होता. अक्षरांना शेपट्या होत्या खऱ्या, पण प्रत्येक ल हिंदीतला, उभ्या दांड्याचा. श सुद्धा हिंदीतला, गाठीचा. मी परत गेले तर ऑपरेटर अगदी प्रेमानं म्हणाला, "मैडम, इंदौर में यही चलता है, सब समझ जाते हैं।"

समजतात, हे खरंच आहे. आम्ही चार पिढ्या इथं आहोत, हिंदीबद्दल मनात काही नाही. पण आईनं तो स्टिकर हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, "हे कोणाकडचं आणलंस?" तिला ते आपल्या घरचं वाटलंच नाही. ते स्टिकर मी कपाटात ठेवून दिलेत.

त्याच संध्याकाळी तिची वही काढली. हिरव्या कापडी बांधणीची, १९८१ पासूनची, शाई निळी-काळी. आईनं ३१ वर्षं मराठी शाळेत शिकवलं. तिनं फळ्यावर लिहिलेला सुविचार पुसायला पोरं तयार नसायची. तिच्या ल च्या दोन पाकळ्यांत डावी जरा लहान असते. श ला वर छोटासा देठ. ळ किंचित उजवीकडे कललेला. शिरोरेषा ती शब्द संपल्यावर एका झटक्यात मारते आणि शेवटी ती रेघ केसभर वर जाते. ते पान पाहिलं की मला पदार्थाचा वासच येतो.

अडचण अशी की दोन वर्षांपासून तिचा हात थरथरतो. सही करते, पण मोठं लिहिणं होत नाही. त्यामुळे "आई, ही अकरा नावं लिहून दे" असं म्हणायची सोय नाही. जे आहे ते वहीतच आहे.

तर विचारायचं असं. हातानं लिहिल्यासारखे दिसणारे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात असं ऐकलंय. त्यात मराठीला चालतील असे कोणते, आणि ते डब्यावर कुठं वापरावेत, कुठं नाही? की वहीतल्या अक्षरांवरूनच फॉन्ट बनवता येतो? मला थोडंफार इन्कस्केप (चित्र काढायचं सॉफ्टवेअर) येतं. त्यापलीकडे काही नाही, पण शिकायची तयारी आहे.

---

जुळारी (पुणे, मूळचा सुदामा नगरचा)

ताई, तुमचा ऑपरेटर "सब समझ जाते हैं" म्हणाला ते वाचून माझ्या डोळ्यांपुढं ती अख्खी गल्ली उभी राहिली. मी पॅकेजिंगचं डिझाइन करतो, म्हणून आधी तयार फॉन्टांबद्दल सांगतो.

पहिला 'कलम'. इंडियन टाईप फाउंड्री ह्या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीनं केलेला, २०१४ पासून गूगल फॉन्ट्सवर आहे, लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन वजनांत, म्हणजे रेघेच्या तीन जाडींत. घाईघाईत चिठ्ठी लिहावी तसा तिरका चालतो. त्याची गंमत अशी की चार-पाच ओळींचा मजकूरही त्यात वाचवतो, जे फार कमी हस्ताक्षरी फॉन्टांना जमतं. "भाजणी कोमट पाण्यात भिजवा, दहा मिनिटं झाकून ठेवा" अशी चिठ्ठी डब्यात घालणार असाल तर कलमच घ्या. फक्त क्राफ्ट कागदावर लाइट छापू नका. तो तपकिरी कागद शाई पितो आणि बारीक रेघ नाहीशी होते.

'तिलाना' त्याच फाउंड्रीचा, पण सरळ उभा, ब्रशनं लिहिल्यासारखा, पाच वजनांचा. नाव मोठं छापायला कलमपेक्षा बरा. 'देक्को' एकाच वजनाचा आणि नाजूक आहे, लहान मुलांच्या पुस्तकात शोभतो, डब्यावर हरवतो. 'अमिता'ला लग्नपत्रिकेचा थाट आहे, मेतकुटाला तो मानवणार नाही. 'एक टाईप' ह्या संस्थेचा 'बलू' हस्ताक्षरी नाही, पण गोल गरगरीत आणि आपुलकीचा आहे. 'यात्रा वन' मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. बोरू किंवा सपाट ब्रश देवनागरीत ज्या कोनात धरतात, तोच कोन त्याच्या इंग्रजी अक्षरांनाही दिलाय, त्यामुळे दोन्ही लिप्या एकाच माणसानं रंगवल्यासारख्या दिसतात. तुमच्या लेबलावर इंग्रजी नावही येणार असेल तर हा मुद्दा मोठा आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, ल आणि श. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. पण युनिकोडमध्ये दोन्ही ल ना एकच क्रमांक आहे, दोन्ही श चंही तसंच. कोणतं रूप दिसायचं हे फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टात दोन्ही रूपं असतात, आणि मजकुराची भाषा 'मराठी' लावली की तो आपोआप आपलं रूप काढतो. आपण भाषा लावतच नाही, म्हणून हिंदी रूप येत राहतं. लिब्रेऑफिसमध्ये अक्षरांच्या खिडकीत भाषा मराठी करा, इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमध्ये. 'नोटो सॅन्स देवनागरी' घेऊन 'लसूण शेव' लिहा आणि भाषा बदलून बघा, डोळ्यांदेखत अक्षर बदलतं. पण ही सोय प्रत्येक फॉन्टात नसते. म्हणून माझी चाचणी ठरलेली आहे: फॉन्ट उतरवला की भाषा मराठी करायची आणि 'लसूण शेव, गुळपोळी, कैऱ्या' लिहायचं. ह्या चार शब्दांत पास झाला तरच पुढं जायचं.

फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली तर फॉन्टला दोष देऊ नका. टाईपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू नसतो, म्हणून ते होतं.

वापराबद्दल माझं ठाम मत आहे. लेबलवर हस्ताक्षर एकाच जागी हवं, पदार्थाच्या नावाला. घटक पदार्थ, वजन, तारीख, परवाना क्रमांक हे सगळं साध्या सरळ फॉन्टात, 'मुक्त' किंवा 'नोटो'मध्ये. एक तर ते कायद्यानं स्पष्ट वाचता यायलाच हवं, आणि ती सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. मराठी त्याच्या जोडीला देता येते, त्याऐवजी नाही. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका विसरू नका. दुसरं कारण डोळ्याचं आहे. सगळंच हातानं लिहिल्यासारखं दिसलं की काहीच हातानं लिहिल्यासारखं वाटत नाही. 'कॉमिक सॅन्स'चं उदाहरण घ्या. व्हिन्सेंट कोनेर यांनी तो १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी, एका कार्टून कुत्र्याच्या बोलण्याच्या फुग्यापुरता काढला होता. पुढं लोकांनी तो नोटिशीपासून दवाखान्याच्या पाटीपर्यंत लावला. अक्षरात खोट नव्हती, जागा चुकली.

आणखी एक सांगतो. छापायला देताना मजकूर कधीच देऊ नका, अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्या. मग समोरच्याकडे कोणताही फॉन्ट असो, तुमच्या 'गुळपोळी'ला धक्का लागणार नाही.

---

ब्रशवाले काका (मल्हारगंज, इंदूर)

बेटा, मी अडतीस वर्षं पाट्या रंगवल्या. मल्हारगंज, सियागंज, जेल रोड, कुठल्या दुकानाची पाटी केली नाही असं नाही. फ्लेक्स आला आणि एकेक पेंटर घरी बसला. संगणकातलं मला कळत नाही, मुलगा टाईप करून देतो आहे. पण अक्षर कळतं.

तुझी नावं अकरा. अकरा नावांना फॉन्ट कशाला? फॉन्ट म्हणजे उद्या काय लिहायचंय ते आज ठाऊक नाही म्हणून केलेली तयारी. तुला काय लिहायचंय ते ठाऊक आहे. वहीत ती नावं असतीलच. पदार्थाचं नाव आईनं पानाच्या डोक्यावर लिहिलंच असेल! ते आहे तसं उचल.

आता अक्षराचं सांगतो. 'पोह्याचे पापड' घे. त्यात प तीन वेळा येतो. मी पाटीवर लिहिला असता तर पहिला प ओकाराखाली जरा आटोपशीर झाला असता, दुसऱ्याला काना लागतो म्हणून तो मोकळा, आणि तिसरा ड ला जागा देण्यासाठी थोडा अलीकडे. हे कोणी ठरवून करत नाही, हात करतो. फॉन्टमध्ये तिन्ही प एकाच साच्यातले येतात. गिऱ्हाइकाला कारण सांगता येणार नाही, पण त्याला कळतं की हे हाताचं नाही.

पाटीचं काम असं असायचं. आधी खडू लावलेली दोरी मारून वरची-खालची रेघ, मग खडूनं पूर्ण शब्द बसवायचा. अक्षर अक्षर करत नाही बसवत, शब्द बसवतात. उस्ताद मला सांगायचे की दोन अक्षरांमधली पोकळी बघ, काळं बघू नकोस. 'मसाला'त दोन काने आहेत, म्हणून तिथं उभ्या रेघांची गर्दी होते. हिंदी ल लिहिला तर त्याची उभी रेघ आणखी एक वाढते आणि शब्द कुंपणासारखा दिसतो. तुमचा मराठी ल तिथं मध्येच गोल येतो, शब्दाला श्वास मिळतो. मराठी गिऱ्हाइकाच्या पाटीवर मी नेहमी पाकळीचाच ल काढला. कोणी सांगितलं नव्हतं, पण आपल्या अक्षरात आपलं नाव पाहून माणूस दुकानाच्या पायरीवर दोन मिनिटं उभा राहतो, ते मी पाहिलंय.

आणि एक हात जोडून सांगतो. आईची अक्षरं साफ करायला जाशील तेव्हा फार साफ करू नको. डावी पाकळी लहान आहे ना, लहानच राहू दे. रेघ शेवटी वर जाते, जाऊ दे. तिला सरळ केलीस की ते दुसऱ्याचं अक्षर झालं.

---

रामबागची लेक (इंदूर)

काका, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. "पोकळी बघ" ऐकून ती म्हणाली, मी पोरांना हेच शिकवायचे.

वही पुन्हा नीट पाहिली. अकरापैकी सात नावं पानाच्या डोक्यावर आहेत. लसूण शेव, शेंगदाण्याची चटणी, कुळीथ पीठ आणि पोह्याचे पापड ही नाहीत, कारण ती तिला तोंडपाठ होती, कधी लिहिलीच नाहीत. शिवाय संक्रांतीला, गौरींना काहीतरी नवीन निघतंच. भाचीला वाटतं की आजीच्या अक्षरात घरच्या सगळ्यांना चिठ्ठ्या लिहिता आल्या पाहिजेत. म्हणजे फॉन्टची इच्छा अजून आहेच. तो करणं माझ्यासारखीला खरंच जमेल का? किती अक्षरं काढावी लागतात?

---

वेलांटी (वडोदरा)

ताई, मी फॉन्टचं तांत्रिक काम करते, म्हणून नेमकं सांगू शकेन. जमेल. पण दोन टप्प्यांत करा.

पहिला टप्पा ह्या लेबलांपुरता. तुमची ११ नावं मी मोजली. सगळ्यांत मिळून २२ व्यंजनं लागतात, आणि जोडाक्षरं फक्त तीन: 'कैऱ्यां'तला ऱ्य, 'शेंगदाण्या'तला ण्य, 'पोह्या'तला ह्य. ह्यात न नाही आणि ब सुद्धा नाही! एवढ्यासाठी फॉन्ट नको, काकांचं बरोबर आहे. जी सात नावं सापडली ती अख्खी उचला. उरलेली चार वहीतली अक्षरं जुळवून चित्र म्हणून तयार करा. 'पोह्याचे पापड'ला तीन वेगवेगळे प शोधा, वहीत शेकडो असतील.

स्कॅन ६०० डीपीआयला, करड्या छटांत करा. फोनचा फोटो नको, कडा वाकतात. जुन्या कागदावर शाई पसरलेली असते, त्यामुळे काळं-पांढरं करताना मर्यादा जरा वर-खाली करून बघा, म्हणजे ळ ची पोकळी बुजणार नाही. इन्कस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप केलं (स्कॅनवरून अक्षराच्या बाह्यरेषा काढल्या) की प्रत्येक अक्षरावर शेकडो बिंदू येतात. ते कमी करा, पण रेघेचा कंप जिथं आईच्या हाताचा आहे तिथं हात लावू नका. कागदाच्या दाण्यामुळे आलेली खरबड तेवढी काढा. हा फरक डोळ्याला दोन-तीन तासांत कळायला लागतो.

दुसरा टप्पा फॉन्टचा, आणि तो सावकाश करा. फॉन्ट बनवायचं फॉन्टफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट आहे. देवनागरीत पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की आपली अक्षरं खालच्या रेघेवर उभी नसतात, शिरोरेषेला लोंबतात. म्हणून सगळी अक्षरं वरून जुळवायची. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना कणभर बाहेर काढून शेजारच्या अक्षरावर चढू द्या, नाहीतर छापल्यावर मध्ये केसाएवढी फट दिसते. आईची शिरोरेषा हलकी लाटेसारखी आहे ना? ती लाट अक्षराच्या मधोमध ठेवा, टोकांशी उंची आणि जाडी सारखीच हवी. शब्दाच्या शेवटी केसभर वर जाणारी रेघ मात्र वेगळी काढून ठेवा. शब्द संपला की तीच रेघ बसावी असा नियम फॉन्टमध्ये लिहिता येतो.

काकांनी सांगितलेल्या तीन प चंही तसंच. एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरून, शेजारी तेच अक्षर आलं की दुसरं रूप घे, असा नियम लिहिता येतो. सगळ्या अक्षरांना गरज नाही. क, त, प, र, ल, स, ळ आणि काना एवढ्यांना केलं तरी पानाचा चेहरा बदलतो.

किती अक्षरं, तर स्वर, व्यंजनं, मात्रा, आकडे धरून शंभरच्या आत. त्यात ज्यांना काना आहे त्या व्यंजनांची अर्धी रूपं घाला, काना कापला की बहुतेक होतात. ट, ठ, ड, ढ, द, ह, छ, ळ ही बिनकान्याची मंडळी कटकटीची. त्यांची लागतील तेवढी जोडाक्षरं स्वतंत्र काढावी लागतात: द्य, द्ध, ट्ट, ड्य, ह्य. पाकळीच्या ल लाही शेवटी काना नाही, त्यामुळे 'कल्याण'मधला अर्धा ल वहीत शोधून ठेवा, तो कापून मिळणार नाही. रफार, रकार, क्ष, ज्ञ, त्र, श्र, आणि इंग्रजी शब्दांसाठी ॲ आणि ऑ. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, म्हणजे १९८१ च्या वहीच्या सुरुवातीला ते नसणारच. आईच्या र वरून तुम्हीच काढा. ऱ्हस्व वेलांटीच्या दोन-तीन रुंदी हव्यात, म्हणजे 'ति'ची कमान त च्या कान्यापर्यंत पोचेल आणि 'णि'चीही.

'कैऱ्या'चा गोंधळ फॉन्टचा नाही, टंकनाचा आहे. र ला हलन्त देऊन य लिहिला की रफार येतो. त्याऐवजी नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग य असं टाईप करायचं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की तो ऱ मिळतो, आणि शिफ्ट धरून एन दाबलं की ळ. हे दोन शॉर्टकट दुकानदाराला कागदावर लिहून द्या.

एक पळवाट आहे. कलम ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, म्हणजे त्याची फाईल उघडून आतली चित्रं बदलायची मोकळीक आहे. जोडाक्षरांचे नियम आयते मिळतील, तुम्ही आईची अक्षरं बसवा. मुख्य अट ही की तयार झालेला फॉन्टही त्याच परवान्याखाली ठेवायचा. नावही आपलं वेगळं दिलेलं बरं. लेबलावर, चिठ्ठीवर, विक्रीच्या डब्यावर वापरायला काहीच आडकाठी नाही. पण मग फाईल एकदा दिली की तो फॉन्ट पुढं कोणीही वापरू शकतो. आईचं अक्षर कोणाच्याही हातात जाऊ द्यायचं का, हे आधी आईला विचारा. मी असते तर विचारल्याशिवाय सुरुवातच केली नसती.

मी गुजरातीत वाढले. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसते, त्यामुळे माझी आई मराठी पत्रातही रेघ द्यायची विसरायची. तिची सगळी पत्रं बिनरेघेची आहेत. म्हणून तुमच्या आईची ती वर जाणारी रेघ जपा असं मनापासून सांगते.

---

जुळारी (पुणे, मूळचा सुदामा नगरचा)

वेलांटीताईंच्या उत्तरात एकच भर. जुळवलेली चार नावं एकदा प्रत्यक्ष आकारात घरच्या प्रिंटरवर छापा, डब्याला चिकटवा आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली हातभर लांबून वाचा. वहीतलं अक्षर मोठं केलं की रेघ जाड होते, लहान केलं की बारीक होते. म्हणून सगळी नावं एकाच प्रमाणात मोठी करा, नाहीतर 'मेतकूट' ओरडेल आणि 'शेंगदाण्याची चटणी' कुजबुजेल. लांब नावं दोन ओळींत लिहिलीत तर ओळींमध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा. 'शेंगदाण्याची'च्या खाली 'चटणी' आली की तिची वेलांटी वर धडकते.

---

रामबागची लेक (इंदूर)

उशिरा लिहितेय, पण काम केलं म्हणून उशीर झाला.

आधी आईला विचारलं. परवान्याचं सगळं समजावून सांगितलं, की फॉन्ट बाहेर गेला तर कोणीही त्या अक्षरात काहीही लिहू शकेल. तिनं बराच वेळ विचार केला. म्हणाली, डब्यावर घाल, चिठ्ठ्यांना वापर, घराबाहेर देऊ नकोस. मग कलमची फाईल न घेता आपल्यापुरता वेगळाच करायचा असं ठरवलं. तो वेळ घेईल, घेऊ दे.

११ नावं झाली. सात वहीतून जशीच्या तशी. 'पोह्याचे पापड'मधले तीन प लाडवांच्या, चिवड्याच्या आणि पंचामृताच्या पानावरून आणले. पहिल्या दिवशी मी त्यांची उंची सारखी करून टाकली होती, दुसऱ्या दिवशी काकांचं वाक्य आठवलं आणि परत मूळची घेतली. खालची घटकांची माहिती 'नोटो'मध्ये, हिंदीत, आणि तिच्याखाली मराठीत. कागद क्राफ्टच, पण शाई गडद तपकिरी. घरच्या प्रिंटरवर एक पान छापून सगळे स्टिकर कापले, बरण्यांना लावले आणि ओट्यावर रांगेत मांडले.

आई आली. खुर्ची ओढून बसली. एकेक बरणी उचलून बघत होती, काही बोलली नाही. 'कुळीथ पीठ' हातात घेतलं आणि थांबली. म्हणाली, "हा ळ माझा नाही."

मी म्हटलं, आई, तुझ्याच वहीतला आहे. तिनं वही मागितली. ज्या पानावरून मी तो ळ घेतला होता ते पान उघडलं. १९८६ चं. त्या वर्षी आई बाळंतपणात होती आणि मावशी दोन महिने येऊन राहिली होती. ती चार पानं मावशीनं लिहिली आहेत. शाई तीच, पेन तेच, मला चाळीस वर्षांत कधी कळलं नाही. मावशीचा ळ सरळ उभा असतो. आईचा कलतो, हे मी स्वतःच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं.

काल रात्री पुन्हा बसले. 'गुळांबा'च्या पानावर तिचा कललेला ळ मिळाला, पानाला तुपाचा डाग आहे पण अक्षर स्वच्छ आहे. 'कुळीथ पीठ' बदललं. मावशीची चार पानं वेगळी खूण करून ठेवली आहेत, त्यातलं एकही अक्षर फॉन्टमध्ये जाणार नाही. वेलांटीताई, न आणि ब सापडलेत, अर्धा ल अजून शोधतेय. आईला विचारलं तर म्हणाली, कल्हईवाल्याचा हिशोब शेवटच्या पानावर असेल, तिथं बघ.